पश्चिमेच्या भिंतीलगतचा वाफा: काळ्या मातीतलं एक प्रकरण

हिंगणघाट तालुक्यातल्या एका गावाच्या टोकाला हे घर आहे. मागे पऱ्हाटीचं म्हणजे कापसाचं वावर, पुढे गावचा सिमेंट रस्ता. घरमालक जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, गाव त्यांना गुरुजी म्हणतं. स्लॅबचं घर, अडीच फुटांचं जोतं, पश्चिमेची भिंत २६ फूट लांब. भिंत आणि तारेचं कुंपण यांच्यामध्ये ६ फुटांची मोकळी जागा. मागणी साधी होती: इथं हिरवं दिसावं, देवाला फुलं मिळावीत, आणि "रोज पाणी टाकाले घरी कोणी नाही" हे ध्यानात असावं. गुरुजींचे गुडघे दुखतात, मुलगा दिवसभर वावरात, सून अंगणवाडीत. एप्रिलनंतर नळ तीन-चार दिवसांआड येतो आणि बोअरचं पाणी इतकं जड की बादलीच्या काठाला पांढरा थर धरतो.

माझी तालुक्याच्या गावी रोपवाटिका आहे. घराशेजारच्या वाफ्यासाठी कोणी विचारायला आलं की पहिला प्रश्न हमखास एकच असतो, "उन्हात टिकणारं काय आहे?" मे महिन्यात ४५-४६ अंश सोसणाऱ्या माणसानं दुसरं काय विचारावं? पण या घरी ऊन दुय्यम निघालं. झाडं मारत होता तो ऑगस्ट.

आधीची झाडं कशानं गेली

नवी यादी करण्याआधी जुनी मेलेली झाडं पाहून घेतली. दोन हंगामांत इथं गुलाब, एक्झोरा, जास्वंद आणि सोनेरी डुरांटा लावून झाले होते.

गुलाब सगळे गेले. घरच्यांच्या मते ऑक्टोबरच्या उन्हानं जळाले. एक सुकलेलं खोड उपटून पाहिलं. मुळ्या तपकिरी, चिमटीत धरून ओढल्या की वरची साल सरकून हातात येते आणि आतला बारीक दोरा तेवढा राहतो. सडक्या पाण्याचा वास. म्हणजे मुळं पावसाळ्यातच कुजली होती. ढगाळ हवेत पानांना पाणी थोडंच लागतं, म्हणून वरून झाड ठीक दिसत राहिलं. ऑक्टोबरचं ऊन पडलं, पानांची तहान वाढली, आणि खाली पाणी ओढायला मुळंच नव्हती. घरच्यांनी माना टाकलेली पानं पाहून पाणी वाढवलं. जी थोडी मुळं उरली होती तीही गेली.

यात लावण्याच्या पद्धतीचाही हात होता. दीड फुटाचा खड्डा घ्या, त्यात लाल माती आणि शेणखत भरा, हा सल्ला आमच्या धंद्यातले लोक सर्रास देतात. निचऱ्याच्या जमिनीत तो बरोबरही आहे. भारी काळ्या मातीत मात्र भोवतीची माती पाणी पुढं जाऊ देत नाही, आतली भुसभुशीत माती ते पिऊन घेते, आणि खड्ड्याचा हौद होतो. वर्धा जिल्ह्यात वर्षाचा साधारण १००० मिलिमीटर पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, तेव्हा हा हौद रिकामा होतच नाही. ऑगस्टमध्ये उघाड असताना आम्ही एक दीड फुटाचा खड्डा खणून पाण्यानं भरून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी चार बोटं खाली गेलं होतं आणि त्यात एक बेडूक मजेत पोहत होता. माती परीक्षणाचा अहवाल वगैरे ठीक आहे, पण निचरा कळायला एवढी परीक्षा पुरे.

एक्झोऱ्याचं दुखणं वेगळं. पान पिवळं, शिरा हिरव्या. संत्र्याच्या बागा असलेल्यांना ही खूण सांगावी लागत नाही. चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण सामू (पीएच) ८ च्या वर गेला की ते मुळांना उचलता येत नाही. गुरुजींच्या वावराच्या जमीन आरोग्य पत्रिकेत सामू ८.२ होता. घराची जागा त्याच पट्ट्यातली, वर बोअरचं जड पाणी, आणि बांधकामाचा चुरा भिंतीच्या पायथ्याशी गाडलेला. हिराकसाची (लोहाच्या क्षाराची) फवारणी केली की पानं हिरवी होतात, पण नवी पालवी आली की पुन्हा पिवळी. कोणी हौसेनं दर महिन्याला फवारत असेल तर त्याची ना नाही. इथं ते होणार नव्हतं.

जास्वंदीला पिठ्या ढेकूण लागला. कापसाच्या गावात हे होणारच, पऱ्हाटीवरचाच ढेकूण जास्वंदीवर येतो. उरलेल्या कळ्या वांदरांनी खाल्ल्या. डुरांटा तेवढा जगला होता. पण तो कात्रीचा गुलाम आहे. पावसाळ्यात महिनाभर हात लावला नाही तर खिडकी झाकतो. कमी पाणी लागणारं झाड आणि कमी काम लागणारं झाड, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विकणाऱ्याला फरक पडत नाही, नेणाऱ्याला पडतो.

भिंतीची बाजू

खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून एक तडा पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरला होता. गवंड्यानं दोनदा बुजवला, दोनदा उघडला. मे महिन्यात भिंतीच्या पायथ्याशी वाकून पाहिलं तर माती आणि जोतं यांच्यात दोन बोटं जातील एवढी फट होती.

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते, हे वावरातल्या भेगा पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तीच माती घराखालीही आहे, याची आठवण मात्र राहत नाही. भिंतीच्या एका भागाशी रोज पाणी आणि बाजूचा भाग कोरडाठाक असला तर एक बाजू फुगते, दुसरी बसते, आणि ताण कोपऱ्यात निघतो. इथं उत्तरेला न्हाणीचं पाणी भिंतीलगत मुरत होतं, मधोमध स्लॅबच्या पन्हाळाचं पाणी जोत्याशीच आदळत होतं, आणि दक्षिणेकडचे १० फूट पूर्ण कोरडे. वर गुलाबांना पाईपनं पाणी, तेही भिंतीला चिकटून.

म्हणून वाफ्याचा पहिला निर्णय झाडांचा नव्हताच. भिंतीला लागून अडीच फुटांचा पक्का कोबा करायचा, दोन फुटांत एक इंच असा बाहेर उतार देऊन. उरलेल्या साडेतीन फुटांत वाफा. गुरुजींना हे पटायला वेळ लागला. "भाऊ, मी झाडं लावाले बोलावलं आन तुम्ही सिमेंट टाकून राहिले," असं ते म्हणाले ते चुकीचं नव्हतं. सहा फुटांतली जवळजवळ निम्मी जागा गेली. पण कोबा झाल्यावर भिंत रंगवायला, खिडकी पुसायला, विंचूकाटा दिसायला मोकळी वाट राहते, आणि झाडांची पानं तापलेल्या भिंतीला टेकत नाहीत. पश्चिमेची सिमेंटची भिंत रात्री आठलाही हात ठेववत नाही इतकी गरम असते. तिच्यापासून अडीच फूट दूर असणं हेच झाडाला अर्ध्या पाण्याइतकं पडतं, असं माझं मत झालं आहे.

याच कारणानं आंबा नाकारला. गुरुजींना दसऱ्याआधी खिडकीसमोर आंबा लावायचा होता. काळ्या मातीत मोठं झाड घरापासून निदान त्याच्या पूर्ण उंचीइतकं लांब हवं, कारण उन्हाळ्यात त्याची मुळं पायाखालची ओल ओढतात आणि माती आकसते. आंबा वावराच्या बांधावर गेला. शेवग्याचंही तेच. शिवाय मुनग्याची (शेवग्याचीच) फांदी वादळात कडकन मोडते, आणि मोडते ती पत्र्यावरच.

पाणी कुठं आहे ते पाहून वाटणी

२६ फुटांची पट्टी एकाच प्रकारची आहे असं धरून एकाच जातीची रांग लावली की अर्धी झाडं मरतात. आम्ही पावसात उभं राहून पाणी कुठं पडतं, कुठं साचतं, कुठून वाहतं ते पाहिलं आणि पट्टीचे तुकडे त्याप्रमाणं पाडले. न्हाणीकडचा ६ फुटांचा तुकडा बारमाही ओला. पन्हाळाखालचे ४ फूट पावसाळ्यात धबधबा आणि नंतर आठ महिने कोरडे. बाकीचे १६ फूट ऑगस्टमध्ये चिखल, मेमध्ये भेगा.

या १६ फुटांत खड्डे घेतलेच नाहीत. जमिनीवर ९ इंच उंच गादीवाफा केला: दोन घमेली काळी माती, एक घमेलं मुरूम, अर्धं घमेलं कुजलेलं शेणखत. काळ्या मातीत मूठभर रेती मिसळून काही होत नाही, मुरूम घालायचा तर हात सैल सोडून घालावा लागतो. वाफ्याची माती जोत्याच्या वरच्या कडेपेक्षा बरीच खाली राहील एवढं पाहिलं, नाहीतर ओल भिंतीत चढते.

मग झाडं. बकऱ्या हा इथला मोठा निकष. तारेचं कुंपण बकरीला अडवत नाही, ती मान घालून पोचेल तेवढं साफ करते. त्यामुळं ज्यांना जनावर तोंड लावत नाही ती झाडं आधी. कण्हेर सगळ्यांत वर होती. पाणी नको, ऊन चालतं, महादेवाला फूल होतं, महामार्गाच्या दुभाजकावर कोणी न विचारता फुलते. पण कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी. घरात दोन लहान नातवंडं, दाराशी गाय. छाटलेली फांदी वाळून चाऱ्यात मिसळली तरी धोका राहतोच. पिवळ्या बिट्टीच्या (पिवळ्या कण्हेरीच्या) बिया तर मुलांच्या खेळण्यातच येतात. दोन्ही वगळल्या. बोगनवेलही वगळली. पाणी ती मागत नाही, पण वर्षातून दोन-तीनदा काट्यातून हात घालून छाटणी मागते, आणि दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसाला ते काम देण्यात अर्थ नाही.

मधल्या भागात तगर आली. पांढरी, दुहेरी फुलाची, चांदणी म्हणतात ती. दूध निघतं म्हणून बकरी सहसा सोडून देते, चुनखडीचा फार त्रास नाही, आणि पूजेला रोज फुलं. तिच्या आजूबाजूला अडुळसा. यावर गुरुजींच्या पत्नी बसल्या अडून. "अडुळसा कोणी दारात लावते का बाप्पा? तुम्ही त जंगलातले झाडं सांगून राहिले." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, अडुळसा बांधावर, ओढ्याकाठी आपोआप वाढतो. आपोआप वाढतो हाच त्याचा गुण. बकरी हुंगते आणि पुढं जाते, थंडी ओसरताना पांढरी फुलं येतात, खोकल्याला पानं घरची. शेवटी दोन लावले, कुंपणाच्या बाजूला, तगरीच्या मागे नजरेआड.

पुढच्या कडेला गुलबक्षी आणि पावसाळी लिली. या दोन्हींची तऱ्हा मला विदर्भासाठी फार सोयीची वाटते. एप्रिल-मेमध्ये त्या वरून वाळून जातात, गुलबक्षीची गाठ आणि लिलीचे कांदे मातीत निजून राहतात, आणि मृगाचे दोन पाऊस झाले की पुन्हा वर येतात. उन्हाळ्यात जे झाड दिसतच नाही त्याला पाणी घालायचा प्रश्न नाही. मे महिन्यात वाफ्याची कड उघडी पडते, ती पडू द्यावी. वर्षाचे बारा महिने हिरवं हवं असा हट्ट धरला की पाण्याचा पाईप हातात घ्यावाच लागतो.

दक्षिणेच्या टोकाला, सगळ्यांत तापणाऱ्या कोपऱ्यात, नुसत्या मुरमाचा उंचवटा करून कोरफड आणि सदाफुली. सदाफुली उन्हाला भीत नाही, पाणथळीत मात्र चटकन सडते, म्हणून तिला मुरूमच.

पन्हाळाखाली काय, हा खरा अवघड भाग. वरून पडणारं पाणी माती उधळतं, आणि पाऊस संपला की तिथं थेंब नाही. दोन्ही टोकं सोसणारं आपल्याकडचं झाड म्हणजे वाळा. कूलरच्या टट्ट्यांतला वाळा सगळ्यांना माहीत, त्याचं गवत मात्र पुष्कळांनी पाहिलेलं नसतं. मुळं सरळ खाली जातात, दोन-तीन मीटरपर्यंत, बाजूला पसरून पाया शोधत नाहीत. आठवडाभर पाण्यात उभा राहतो, नंतर महिनेच्या महिने कोरड्यात. पाणी पडतं तिथं गोटे पसरले, त्यांच्या बाहेरच्या कडेला ९-९ इंचांवर वाळ्याचे फुटवे लावले. पन्हाळाचा पाईप लांबवून पाणी कोब्याच्या पलीकडं पडेल असं केलं.

न्हाणीच्या पाण्याला आधी एक उथळ चर काढून भिंतीपासून दूर नेलं, आणि चराच्या काठानं कर्दळ नि अळू. यात नवं काही नाही, आपल्या आज्या हेच करायच्या. साबणाच्या पाण्यावर कर्दळ माजते, आणि महालक्ष्म्यांच्या जेवणाला अळूची पानं विकत आणावी लागत नाहीत. सुनेला तिथं केळ हवी होती. केळीची पिल्लं काढत राहावं लागतं, आणि वाऱ्यात ती आडवी होते ती कोब्यावरच, म्हणून तिला नको म्हटलं.

दोन उन्हाळ्यांनंतर

लागवड जुलैच्या पहिल्या आठवड्यात, जमीन पुरती ओली झाल्यावर केली. पहिल्या उन्हाळ्यात तगर आणि अडुळशाला आठवड्यातून एकदा दोन-दोन गुंड (हंडे) पाणी. दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा, तेही तगरीलाच. वाळ्याला पहिल्या हंगामानंतर वेगळं पाणी दिलंच नाही.

सगळं सुरळीत झालं असं नाही. कोरफडीची दोन झाडं पहिल्याच ऑगस्टमध्ये बुडातून पाणचट होऊन गेली, कारण पावसानं तिथला मुरूम खाली बसला होता आणि बुंध्याशी पाणी थांबलं. उंचवटा पुन्हा वाढवला. आच्छादनाला सोयाबीनचं कुटार (भुसा) टाकलं तर ते खायला गावातला सोडलेला गोऱ्हा कुंपण वाकवून आत आला. अडुळसा सोडून त्यानं कुटार खाल्लं, तगर तुडवली. पऱ्हाट्या बारीक करून टाकाव्यात असं मुलगा म्हणाला, पण २०१७ च्या गुलाबी बोंडअळीनंतर घराशी पऱ्हाट्या ठेवायच्या नाहीत हे त्यालाही ठाऊक होतं, अळी त्यातल्या किडक्या बोंडांतच दबा धरून राहते. आता फेब्रुवारीत वाळा गुडघ्याइतका कापतात आणि तीच पात आच्छादनाला पसरतात. कोब्याला खेटून आच्छादन ठेवत नाहीत, उधई (वाळवी) तिथून भिंतीकडं वळते. एक अडुळसा उधईनंच गेला.

तगरीचा दुसरा फटका माणसाच्या हातचा. मुलानं वावरात तणनाशक मारलेला पंप नुसता विसळून, त्यानंच वाफ्यावर निंबोळी अर्क फवारला. चार दिवसांत तगरीची कोवळी पानं वळली, लांबट झाली. झाडं मेली नाहीत, पण दोन महिने फूल नाही. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवावा लागतो. वाफ्यापुरता हातातला छोटा पंप बाजारात स्वस्तात मिळतो.

कर्दळ मेमध्ये पिवळी पडते. पाणी कमी, तर आंघोळी कमी, तर कर्दळीला पाणी कमी. जूनमध्ये परत उभी राहते. वांदरं स्लॅबवरून तगरीवर उडी मारून फांद्या मोडतात, त्याला उपाय केलेला नाही. तगर खालून फुटते. भिंतीचा तडा तिसऱ्यांदा बुजवल्यावर एक उन्हाळा उघडलेला नाही. याचं श्रेय मी पाणी दूर नेण्याला आणि कोब्याला देईन, झाडांना नाही.

वर्षाचं काम आता एवढं उरलं आहे: पहिल्या पावसानंतर गाजर गवत फुलण्याआधी उपटणं, दिवाळीनंतर तगरीच्या खिडकीकडच्या फांद्या काढणं, फेब्रुवारीत वाळा कापणं, उन्हाळ्यात ते पंधरवड्याचं पाणी. गुरुजी यातलं वाळ्याचं काम मजुराकडून करून घेतात, बाकीचं घरचे.

ही यादी जशीच्या तशी दुसरीकडं उचलू नये. यवतमाळकडच्या बरड जमिनीत निचरा हा प्रश्नच नाही. तिथं गादीवाफा न करता सदाफुली, कोरफड थेट जमिनीत बसतात, पण पहिल्या उन्हाळ्यात पाणी आठवड्यातून दोनदा धरावं लागतं आणि अळू विसरावा. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात जमिनीत आणि पाण्यात दोन्हीकडं क्षार. तिथं मी तगर पुढं करणार नाही, वाळा आणि सदाफुलीवर भर देईन, लहान मुलं-जनावरं नसतील तर कण्हेरही. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात पाऊस याहून बराच जास्त. तिथं ९ इंचांचा वाफा पुरत नाही, दीड फूट उचलावा लागेल, आणि मग त्याची माती धरून ठेवायला विटांची एक रांग.